अंगणवाडी सुटल्यावर मूल कुठे? सरकारी योजना आणि सीएसआरचा पैसा एकाच पाळणाघरात कसा बसवायचा

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला टीटीसी औद्योगिक पट्टा आहे आणि त्याला लागूनच तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, रबाळे, दिघा, इलठणपाडा अशा वस्त्या. इथल्या बायका कंपन्यांत पॅकिंगला जातात, ऐरोलीच्या आयटी पार्कात हाउसकीपिंग करतात, वाशी-कोपरखैरण्यात घरकाम करतात. सकाळी आठला बाहेर पडून त्या सहा-सातला घरी येतात. अंगणवाडी मात्र साधारण चार तास चालते. उरलेल्या वेळात मूल कुठे असतं? बहुतेक घरांत थोरल्या बहिणीकडे, आणि मग तिची शाळा बुडते.

मुलाच्या आहाराचा, लसीकरणाचा आणि पूर्वप्राथमिक शिक्षणाचा खर्च सरकार करतंच. रस्त्याच्या पलीकडच्या कंपनीला सीएसआरचा, म्हणजे कायद्यानुसार नफ्यातून सामाजिक कामासाठी बाजूला काढलेला, पैसा खर्च करायचा असतो. हे दोन्ही एका खोलीत आणता येतात, पण त्याची एक पद्धत आहे. ती न कळल्यामुळे अनेक चांगले प्रस्ताव कंपनीच्या लेखा विभागात तरी अडकतात, नाहीतर प्रकल्प कार्यालयाच्या टेबलावर पडून राहतात. नवी संस्था, महिला मंडळ किंवा सोसायटीतल्या चार जणांचा गट असं काम पहिल्यांदाच हाती घेत असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण पाळणाघराचं घेतलंय. शाळेतली अभ्यासिका किंवा दवाखान्यातला मदत कक्ष उभा करायचा असला, तरी क्रम हाच.

मूळ नियम सोपा आहे: दोन्ही पैसे एका मुलावर खर्च झाले तरी चालतात, एकाच वस्तूवर झालेले चालत नाहीत. ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्टच सांगितलंय की सरकारी योजनेतली पैशाची तूट भरून काढण्याचं साधन म्हणून सीएसआरकडे पाहू नये. त्यामुळे ‘अंगणवाडीला आहाराचा निधी कमी पडतो, तो तुम्ही द्या’ असा अर्ज केला की तो पहिल्याच फेरीत बाद होतो. ‘अंगणवाडी दोनला सुटते, दोन ते साडेसहा या वेळेसाठी सरकारी सोय नाही, ती आम्ही करतो’ असं लिहिलं तर पुढचं बोलणं होऊ शकतं.

आधी वही काढा

कंपनीकडे जाण्याची घाई करू नका. पहिले दोन आठवडे अंगणवाडीत आणि वस्तीतच जाऊ द्या.

सेविकेशी बोलून, त्या मुलांना सरकारकडून काय मिळतं ते एका पानावर लिहून काढा. ३ ते ६ वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत शिजवलेला आहार मिळतो. त्यातल्या उष्मांकाचं आणि प्रथिनांचं प्रमाण सरकारने ठरवून दिलेलं आहे. तीव्र कुपोषित मुलासाठी ते जास्त असतं. ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलाचा आहार पाकिटातून घरी दिला जातो. वजन-उंची मोजून पोषण ट्रॅकर ॲपवर चढवणं हे सेविकेचं काम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांना तपासतं. लसीकरण महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्राकडून होतं. वजनकाटा आणि उंची मोजायची साधनं पोषण अभियानातून दिली जातात, ती चालू स्थितीत आहेत का हे डोळ्यांनी पाहून घ्या. चालू असतील तर तुमच्या अंदाजपत्रकात त्यांना जागा नाही.

याच वेळी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना एक प्रश्न विचारायचाच: या अंगणवाडीला ‘पाळणा’ मंजूर आहे का? केंद्राच्या मिशन शक्तीखालची ही योजना अंगणवाडीलाच पाळणाघर जोडते. महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास आणि २५ पर्यंत मुलं, असं तिचं स्वरूप आहे. मंजुरी असेल किंवा प्रस्ताव वाटेत असेल, तर वेगळं पाळणाघर उघडू नका. तिच्या वेळेपलीकडचे तास किंवा शेजारची अंगणवाडी निवडा.

मग घरोघरी पाहणी. ती दुपारी केली तर फसवी निघते. दुपारी घरात सापडतात त्या बाहेर कामाला न जाणाऱ्या बायका, आणि ज्यांना गरज आहे त्या घरी नसतात. संध्याकाळी साडेसातनंतर जा. चारच गोष्टी विचारा: घरात सहा वर्षांखालची मुलं किती, आई किती वाजता जाते आणि येते, सध्या मूल कोण सांभाळतं, आणि त्यासाठी काही पैसे द्यावे लागतात का. तिसऱ्या प्रश्नाला ‘मोठी मुलगी’ असं उत्तर आलं, तर तिची इयत्ता आणि शाळा लगेच टिपून ठेवा. वर्षभराने हाच आकडा सगळ्यात जास्त बोलतो.

पंचवीस नावं निघाली म्हणून पहिल्या दिवशी पंचवीस मुलं येतील असं धरू नका. बारा-पंधरा मुलांनी सुरुवात करा. ओळखीतल्या दोघी-तिघींची मुलं आधी राहतात, विश्वास बसला की बाकीच्या पाठवतात.

जागा: इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो

दर मुलामागे १० ते १२ चौरस फूट मोकळी जागा लागते, म्हणजे पंचवीस मुलांना किमान २५० ते ३०० चौरस फूट. वस्तीतली भाड्याची खोली याच्या निम्मी असते. दोन जोडखोल्या घ्या किंवा महापालिकेचं समाजमंदिर पाहा.

नवं बांधकाम मात्र डोक्यातून काढून टाका. नवी मुंबईत वस्तीची जमीन एमआयडीसीची, सिडकोची, रेल्वेची नाहीतर वनखात्याची असू शकते, आणि पाणी-कचरा महापालिका पाहते म्हणून जागा तिचीच असेल असं नाही. ठाण्यात येऊरच्या पायथ्याच्या किंवा मुंब्र्याच्या डोंगरालगतच्या वस्त्यांतही तोच प्रश्न. जमीनमालक खात्याच्या लेखी परवानगीशिवाय कंपनीच्या पैशातून पत्र्याची शेड जरी उभी केली, तरी कारवाईच्या दिवशी ती जाते आणि कंपनीच्या हिशेबात तो खर्च अडचणीचा ठरतो. भाड्याच्या खोलीसाठी अकरा महिन्यांचा नोंदणीकृत भाडेकरार करा आणि घरमालकाचं वीजबिल त्याला जोडा. पावसाळ्यात त्या गल्लीत पाणी भरतं का, हे शेजाऱ्यांना विचारा. घरमालक कधीच ‘भरतं’ म्हणत नाही.

संस्थेचे कागद

कंपनी तुमच्याकडे मागेल ते असं:

१. नोंदणी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचा न्यास, १८६० च्या कायद्याखालची सोसायटी (महाराष्ट्रात तिचीही धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते), किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी, यांपैकी एक.
२. प्राप्तिकराच्या दोन नोंदण्या, ज्यांना सगळे अजून बारा-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत) म्हणतात. नव्या संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते. मुदत संपायच्या आत नियमित नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो, आणि ती तारीख हमखास विसरली जाते.
३. सीएसआर-१ नोंदणी क्रमांक. हा अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरतात, त्यावर सनदी लेखापालाचं किंवा कंपनी सेक्रेटरीचं प्रमाणीकरण लागतं. १ एप्रिल २०२१ पासून या क्रमांकाशिवाय कंपनी संस्थेमार्फत सीएसआरचं काम करू शकत नाही.
४. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक.
५. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि त्याच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव.

पाचव्या मुद्द्यावर नवे लोक अडतात. कंपनीने स्वतः स्थापन केलेल्या किंवा सरकारने उभ्या केलेल्या संस्था सोडल्या, तर बाकी सगळ्यांना तीन वर्षांची अट आहे. तुमची संस्था कालची असेल तर त्यावर आडवाट शोधू नका. जुन्या संस्थेच्या प्रकल्पात तिचंच पथक म्हणून काम करा, नाहीतर पहिली तीन वर्षं व्यक्तिगत देणग्यांवर छोटं काम चालवून हिशेब चोख ठेवा. व्यक्तीच्या देणगीला सीएसआरचे नियम लागू होत नाहीत. फक्त ऐंशी-जीची सवलत २,००० रुपयांपर्यंतच्याच रोख देणगीवर मिळते, त्यामुळे मोठी रक्कम बँकेतूनच घ्या.

धर्मादाय कार्यालयात आणखी एक गोष्ट तपासा. विश्वस्त बदलले की तसा बदल अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. बऱ्याच संस्थांच्या नोंदवहीत वारलेल्या विश्वस्तांची नावं वर्षानुवर्षं तशीच असतात. कंपनीचा वकील उतारा मागवतो, त्याला नावं जुळत नाहीत, आणि सहा महिने जातात.

परवानगी: तोंडी ‘चालेल’वर काम सुरू करू नका

अंगणवाड्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेच्या, महापालिकेच्या नव्हेत. विभाग कार्यालयाची किंवा प्रभाग समितीची परवानगी घेऊन अंगणवाडीशी जोडलेलं काम सुरू करता येत नाही. वाट अशी: सेविका, मग मुख्यसेविका, मग नागरी प्रकल्पाचे बालविकास प्रकल्प अधिकारी. अनेक अंगणवाड्यांचा प्रस्ताव असेल तर तो योजनेच्या आयुक्तालयापर्यंत जातो. ते सीबीडी बेलापूरला रायगड भवनात आहे, म्हणजे नवी मुंबईकरांना लांब जायची गरज नाही. समाजमंदिर हवं असेल तर महापालिकेकडे वेगळा अर्ज.

अर्ज दोन पानांचा पुरे. पहिल्या पानावर तुम्ही काय करणार, दुसऱ्यावर काय करणार नाही. दुसरं पान लोक लिहितच नाहीत आणि अधिकाऱ्याला तेच वाचायचं असतं. त्यात ही वाक्यं हवीत: अंगणवाडीच्या वेळेत ३ ते ६ वर्षांची मुलं अंगणवाडीतच राहतील, अंगणवाडीचा आहार पाळणाघरात वळवला जाणार नाही, सेविका-मदतनिसांकडून संस्था कोणतंही काम करून घेणार नाही आणि त्यांना मानधन देणार नाही, पोषण ट्रॅकरच्या नोंदींना संस्था हात लावणार नाही.

तिसऱ्या वाक्याबद्दल थोडं सविस्तर. ‘सेविका ताई सहापर्यंत थांबल्या तर आम्ही त्यांना वरून पाच हजार देऊ’ ही कल्पना प्रत्येक नव्या गटाला सुचते. देऊ नका. ती सरकारी योजनेची मानधनी कर्मचारी आहे. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय तिने घेतलेला पैसा तिच्याच अंगाशी येतो, आणि उद्या तुमचा निधी थांबला की ती दोन्हीकडून नाराज होते. पाळणाघरासाठी वेगळ्या ताई नेमा.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घ्या. ती नसेल तर तुमचा अर्ज आलाच नव्हता असं धरा. अधिकारी बदलले की नव्या साहेबांसमोर ठेवायला हाच कागद असतो.

कंपनी कोणती आणि कधी गाठायची

आधीच्या आर्थिक वर्षात निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एकही आकडा गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. आता गणित पाहा: सरासरी नफा ५ कोटी असेल तर २ टक्के म्हणजे १० लाख. एका पाळणाघराचा वर्षाचा खर्च साधारण तेवढाच येतो, ते पुढे दिलंय. नवे लोक मोठ्या नावांच्या मागे लागतात, जिथे प्रस्तावांचा ढीग असतो. टीटीसीत किंवा वागळे इस्टेटमध्ये अशा मध्यम कंपन्या शोधाव्यात. सीएसआरची रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी समिती नेमणं बंधनकारक नाही, संचालक मंडळच ठरवतं, त्यामुळे निर्णय लवकर होतो. दोन कंपन्या मिळूनही एक प्रकल्प करू शकतात, मात्र प्रत्येकीला आपला हिशेब वेगळा दाखवावा लागतो. कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कायदाच म्हणतो, तेव्हा कंपनीच्या गेटपासून वस्ती किती किलोमीटरवर आहे हे प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात येऊ द्या.

एप्रिल ते जून हा काळ योग्य. फेब्रुवारीत फोन आला आणि ‘मार्चपर्यंत संपवा’ म्हणाले, तर हुरळून जाऊ नका. पाळणाघराचा खर्च महिन्या-महिन्याने होतो, तो दोन महिन्यांत संपत नाही. अशा वेळी संचालक मंडळाने हा ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करावा अशी मागणी करा. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो, आणि उरलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या ‘अखर्चित’ खात्यात ठेवते. चालू प्रकल्प नसेल तर उरलेला पैसा सहा महिन्यांत कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या (सीएसआरमध्ये बसणाऱ्या कामांची आणि निधींची यादी) एखाद्या निधीत भरावा लागतो, तुमच्याकडे तो राहत नाही.

प्रस्तावात पाळणाघर अनुसूची ७ च्या कोणत्या बाबीखाली घालायचं? तिसऱ्या बाबीत ‘डे केअर’ हे शब्द आहेत खरे, पण ते ज्येष्ठ नागरिकांसाठी. त्याच बाबीतलं महिला सक्षमीकरण आणि पहिल्या बाबीतलं कुपोषण निवारण व आरोग्य, या दोन्हींचा आधार घ्या.

पाळणाघराच्या बाबतीत एक खास फास आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला स्वतःच्या कामगारांसाठी पाळणाघराची सोय करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. कायदेशीर जबाबदारी पार पाडण्याचा खर्च सीएसआर होत नाही, आणि फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्चही होत नाही. ‘आमच्या कामगारांची मुलं आधी घ्या’ असं कंपनीने म्हटलं तर नम्रपणे नकार द्या. प्रवेश वस्तीतल्या सगळ्यांना खुला ठेवा, निकष लेखी ठेवा. त्यात कामगारांची दोन-चार मुलं आपोआप आली तर हरकत नसते.

कंपनी परदेशी समूहाची असेल तर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा, प्रश्न येतो. भारतात नोंदलेल्या कंपनीतलं परदेशी भांडवल त्या क्षेत्राच्या मर्यादेत असेल, तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर तिचा पैसा ‘परदेशी स्रोत’ धरला जात नाही. हे कंपनीकडून लेखी घेऊन फाइलला लावा. परदेशातल्या मूळ कंपनीच्या खात्यातून थेट आलेला पैसा मात्र एफसीआरए नोंदणीशिवाय घेताच येत नाही.

अंदाजपत्रक: प्रत्येक ओळीला एकच धनी

पंचवीस मुलं, महिन्याला २६ दिवस, सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३०. हे नमुन्याचे आकडे आहेत, दर तुमच्या भागातले घाला.

कंपनीचा सीएसआर (दरमहा):
- दोन पाळणाताई, प्रत्येकी १७,००० : ३४,०००
- मदतनीस : १४,५००
- समन्वयकाच्या पगारातला वाटा : ६,०००
- खोलीभाडं : १०,०००
- वीज, पाणी : २,०००
- संध्याकाळचा खाऊ, दर मुलामागे दिवसाला २२ : १४,३००
- साबण, कपडे, लंगोट, सफाई : ३,०००
- डॉक्टरांची महिन्याची भेट : २,५००
- एकूण : ८६,३००

वर्षाला १०,३५,६००. म्हणजे दर मुलामागे दिवसाला सुमारे १३३ रुपये. सुरुवातीला एकदाच लागणारं (चटया, कपाट, पंखे, भांडी, खेळणी, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक) १,२०,००० धरा.

सरकारी योजना: दुपारचा आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, वजन-उंची, लसीकरण, औषधं, आजारी मुलाला पुढे पाठवणं. या ओळी अंदाजपत्रकात जरूर लिहा, पण रकमेच्या जागी ‘योजनेतून’ एवढंच. कंपनीला दिसतं की तिच्या १३३ रुपयांच्या जोडीला काय-काय येतंय, आणि प्रकल्प अधिकाऱ्याला दिसतं की त्याच्या खर्चाच्या शीर्षात कोणी घुसलेलं नाही.

पालक: महिन्याला थोडी रक्कम, समजा २०० रुपये. यावर मतभेद आहेत. आमच्या मते घ्यावी, कारण पैसे देणारी आई वेळेबद्दल आणि खाऊबद्दल हक्काने बोलते. पण ती न देऊ शकणाऱ्या घराचं मूल परत पाठवायचं नाही, हे ठरावात लिहून ठेवा. जमा रक्कम वेगळ्या पावतीपुस्तकावर घ्या.

पगारावर हमखास आक्षेप येतो. ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही’ असं कंपनीतली कनिष्ठ मंडळी सांगतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाची आहे. मुलं सांभाळणाऱ्या ताईंचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च, तो त्या ५ टक्क्यांत मोजायचा नसतो. भिंतीवर जिराफ काढायला पैसे लगेच मिळतात, मदतनिसाच्या पगाराला मिळत नाहीत, असा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणून हा मुद्दा पहिल्याच बैठकीत स्पष्ट करा, आणि किमान वेतनाखाली एकही आकडा लिहू नका.

कपाट, पंखे अशा टिकाऊ वस्तू कोणाच्या नावावर राहतील हेही करारात हवं. सीएसआरमधून आलेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे राहते.

रोजचं चालवणं

साडेदहा तास एकच ताई थांबू शकत नाही. एकीची वेळ ८ ते ४, दुसरीची १०.३० ते ६.३० ठेवा. तीन वर्षांखालची मुलं एका ताईकडे दहाच्या वर नकोत. सकाळच्या पहिल्या अडीच तासांत पहिल्या ताईबरोबर मदतनीस हवीच, म्हणजे एकटीवर सगळं पडत नाही.

अंगणवाडीच्या वेळेला मोठी मुलं मदतनीस पोहोचवते आणि आणते. दोन्ही वेळा वहीत मुलांची संख्या आणि सेविकेची किंवा मदतनिसाची सही. वही कंटाळवाणी वाटते, पण एखादं मूल वाटेत राहिलं तर ते कोणाच्या ताब्यात होतं याचं उत्तर तिच्यातच असतं. संध्याकाळी मूल कोणाकडे द्यायचं त्याची दोन नावं प्रवेश अर्जावर घ्या. तिसरा कोणी आला तर आईला फोन केल्याशिवाय मूल द्यायचं नाही. सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी करा. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, ‘घरातलं प्रकरण’ म्हणून गप्प बसता येत नाही.

खाऊचं प्रमाण पंचवीस मुलांसाठी: उपम्याला सव्वा किलो रवा, उसळीला ७५० ग्रॅम कोरडी मटकी भिजवून मोड आणलेली, दुधाच्या दिवशी अडीच लिटर. आठवड्यात दोनदा उकडलेलं अंडं, न खाणाऱ्याला केळं. पाच वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं द्यायची नाहीत, घशात अडकतात. दाण्याचा कूट घाला. सिलिंडर मुलांच्या खोलीत ठेवू नका. घरी नेण्याच्या आहाराची पाकिटं आया पाळणाघरात आणून देतात, ‘ताई, इथेच शिजवा’ म्हणतात. घेऊ नका, नाहीतर अंगणवाडीचा आहार तुम्ही वळवलात असा अर्थ निघतो.

औषधांत दुहेरी डोस होऊ शकतो. जंतनाशक दिन वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमाराला असतो. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, दोन वर्षांपुढे एक. ती अंगणवाडीतून मिळते. पाळणाघराच्या डॉक्टरांनी सदिच्छेने आठवड्याने पुन्हा दिली, असं व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पाळणाघरात कोणतंही सार्वत्रिक औषध ठेवायचं नाही. लोहाच्या थेंबांचंही तेच. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली भरला (ही तीव्र कुपोषणाची खूण) तर स्वतः उपचार सुरू न करता त्याच दिवशी सेविकेला आणि आरोग्य केंद्राला कळवा.

पैशासाठी प्रकल्पाचं वेगळं बँक खाते उघडा. संस्थेच्या खात्यात रक्कम आली म्हणजे कंपनीच्या हिशेबात ती खर्च झाली असं होत नाही, तुम्ही ती प्रत्यक्ष वापरावी लागते. त्यामुळे ३१ मार्चला उपयोगिता प्रमाणपत्रासाठी (पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) धावपळ होते. दर तिमाहीला दिलं तर मार्चमध्ये फक्त शेवटचं उरतं. फोटोंसाठी पालकांची लेखी संमती घ्या, आणि कुपोषित मुलाचा चेहरा अहवालात कधीही छापू नका, कंपनीने मागितला तरी.

नवं करून पाहायचं असेल तर

सरकारी यंत्रणेला वेळापत्रक बदलून पाहणं अवघड, तुम्हाला सोपं. खासगी पैशाचा खरा उपयोग तिथे आहे. पण एका वेळी एकच गोष्ट बदला. एका पाळणाघराची वेळ साडेसातपर्यंत वाढवा, दुसऱ्याची तशीच ठेवा, आणि सहा महिने हजेरी पाहा. वेळ वाढवली, शुल्क बदललं, खाऊही बदलला, तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

काय मोजायचं? ‘कुपोषण कमी केलं’ असा दावा टाळा. त्या मुलाला अंगणवाडीचा आहार मिळतो, आरोग्य केंद्राची औषधं मिळतात, श्रेय एकट्याने घेतलंत तर सेविका दुखावते आणि जाणकार वाचक हसतो. तुमच्याच कामाने बदलतील अशा तीन गोष्टी मोजा: मुलांची हजेरी, आईचे महिन्यातले कामाचे दिवस, आणि थोरल्या बहिणीची शाळेतली हजेरी. पाहणीत टिपलेली इयत्ता आणि शाळा इथे कामी येते. हजेरी मुख्याध्यापकांकडून पालकांच्या संमतीने घ्या.

निकालावर पैसे देण्याचे प्रयोगही भारतात झालेत. राजस्थानात २०१५ ते २०१८ या काळात मुलींच्या शिक्षणासाठी असा बाँड चालला, आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२० मध्ये आरोग्यसेवेसाठी त्या दिशेने करार केला. एका-दोन पाळणाघरांसाठी हे प्रकरण फार जड आहे. मोजणीचा खर्चच कामापेक्षा जास्त होईल.

पैसा थांबतो तेव्हा

तो थांबणारच, हे धरून दुसऱ्या वर्षापासून तयारी करा. दोन वाटा आहेत. एक, पाळणा योजनेत या अंगणवाडीचं नाव जावं म्हणून प्रकल्प कार्यालयामार्फत प्रस्ताव. त्याला तुमची दोन वर्षांची हजेरी हा सगळ्यात भक्कम आधार. दुसरी, महापालिकेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे मागणी. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या आसपास मांडलं जातं आणि विभागांची जुळवाजुळव त्याआधी काही महिने चालते. अर्ज ऑक्टोबरमध्ये आत गेला पाहिजे. जानेवारीत नेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच ऐकावं लागतं. अर्जात तुमचा १३३ रुपयांचा हिशेब ओळीनिशी द्या. विभागाला त्यावर स्वतःचे दर बसवता येतात.

दोन्ही वाटा बंद झाल्या तर बंद करण्याचीही रीत आहे. पालकांना किमान दोन महिने आधी सांगा, कारण कामावर जाणाऱ्या बाईला दुसरी सोय लावायला तेवढा वेळ लागतो. ताईंना एक महिन्याचा पगार नोटिशीचा म्हणून द्या, ती रक्कम पहिल्याच अंदाजपत्रकात राखीव ठेवायची असते. लसीकरणाची कार्डं पालकांना सही घेऊन परत करा. अंगणवाडीला वापरता येतील अशा वस्तू यादी करून प्रकल्प अधिकाऱ्यांच्या पोचेवर सोपवा, आणि त्या यादीची प्रत शेवटच्या उपयोगिता प्रमाणपत्राला जोडून कंपनीला पाठवा.